पळायचं सोडा, थांबायचं बोला

कोरेगाव म्हटलं, की पुणेकर मनातल्या मनात त्याला ‘पार्क’ जोडतो आणि इतिहासाचा विद्यार्थी ‘भीमा’ जोडतो. आमचं कोरेगाव नुसतंच कोरेगाव. सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं, सातारा–पंढरपूर रस्त्यावरचं. आम्हाला रेल्वे स्टेशन आहे, जरंडेश्वराचा डोंगर आहे, आमच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. पण नावाला शेपूट नाही, म्हणून कुरिअरवाले ओळखत नाहीत. पुतण्याने मागवलेले ब्रेक पॅड आधी पुण्याच्या कोरेगाव पार्कात मुक्काम करून मग आमच्याकडे आले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हे पॅड रस्त्यालाही चालतील आणि रेसच्या ट्रॅकलाही. ज्याला घराचा पत्ता धड सापडत नाही, त्याने दोन घरी नांदायचं वचन द्यावं, याचंच मला कौतुक वाटलं.

पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे. आठवडाभर त्याची गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, त्यामुळे शनिवार उजाडला की त्याला वेगाची भूक लागते. त्यातून ‘ट्रॅक डे’ नावाचं खूळ शिरलं. आपलीच गाडी घ्यायची, पैसे भरून बंद ट्रॅकवर न्यायची, हेल्मेट घालून वीसेक मिनिटं जीव खाऊन पळवायची, बाहेर येऊन पाणी प्यायचं, पुन्हा आत जायचं. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, पण तिथे बुटक्या गाड्या. स्वतःची गाडी पळवायची तर जुनी, नावाजलेली ठिकाणं म्हणजे कोइंबतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई. दोन्ही इथून हजार किलोमीटरच्या आसपास. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तर विसराच. 5.125 किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेल जिंकला आणि मग सगळेच घरी गेले. कोरेगावाहून दिल्लीपर्यंत गाडी हाकत गेलेल्या माणसाने तिथे पोहोचून वर आणखी गोल गोल फिरावं, ही अपेक्षाच अमानुष आहे.

तर हजार किलोमीटर सभ्य माणसासारखं जायचं, तिथे दोन दिवस असभ्य व्हायचं आणि पुन्हा हजार किलोमीटर सभ्य होऊन परत यायचं. हे सगळं एकाच पॅडवर. हा प्रश्न घेऊन आम्ही मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो.

“ट्रॅक म्हंजी रेल्वेचा का?” मिस्त्रींनी विचारलं. स्टेशनचं गाव असल्यावर हे होणारच.

“नाही हो, गोल रस्ता असतो. त्याच्यावर फिरायचं.”

“आन् जातायसा कुठं?”

“कुठंच नाही. जिथनं निघायचं तिथंच यायचं.”

“त्येच्यासाठी पैसं द्यायचं?”

“हो.”

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. “मग ब्रेक कशाला लागतोय?”

“वळणाच्या आधी वेग कमी करायला.”

“आवं दादा, मग आधीपासनंच हळू जावा की.”

मोटर रेसिंगवर याहून मूलगामी टीका माझ्या ऐकण्यात नाही.

पण मिस्त्री नुसते टीकाकार नाहीत. त्यांनी खोकं उघडलं, पॅड हातात घेतले, पालथे केले, नखाने खरवडले आणि कडेवरची दोन इंग्रजी अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. ही अक्षरं म्हणजे पॅडचं प्रगतिपुस्तक. पहिलं अक्षर पॅड त्या मानाने थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं चांगला तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. शाळेत ई मिळालेला पोरगा घरी मार खातो आणि एफ मिळालेला घरीच येत नाही. इथे मात्र जितकं अक्षर पुढचं तितका पॅड हुशार. रोजच्या वापराच्या पुष्कळ पॅडवर एफएफ असतं. गावात हे कळलं असतं, तर कित्येक बापांना पोरांचे निकाल समजावून घेणं सोपं गेलं असतं.

मूळ भानगड आहे ती उष्णतेची. गाडी थांबते म्हणजे तिचा वेग कुठे तरी जातो, आणि तो जातो पॅड आणि डिस्क तापवण्यात. चार माणसं बसलेली लहान गाडी धरा 1200 किलोची. ती ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर जेवढी उष्णता निघते तेवढ्यात 30 अंशांवरच्या दीड लिटरहून थोड्या जास्त पाण्याला आधण येईल. एका ब्रेकला घरच्यांचा चहा. ट्रॅकवर दर वळणाला असा चहा ठेवायचा, आणि आधीचा उतरवायला वेळ मिळत नाही. साधा पॅड अशा वेळी तापून जातो, त्याच्यातलं राळेसारखं चिकट द्रव्य जळू लागतं, त्याचा वायू सुटतो, पकड सुटते. पाय पेडलवर, पेडल घट्ट, आणि गाडी मात्र स्वतःच्या विचारात पुढे चाललेली. रेसवाले याला ‘फेड’ म्हणतात. मिस्त्री म्हणतात, “ब्रेक लागतोय पर गाडी ऐकंना.” मला मिस्त्रींचं वर्णन जास्त शास्त्रीय वाटतं.

म्हणून रेसचे पॅड वेगळ्या मसाल्याचे. त्यांत धातू जास्त, ते पाचशे-सहाशे अंशांना दाद देत नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये तर डिस्क आणि पॅड दोन्ही कार्बनचे, ते काहीशे अंश तापल्याशिवाय कामालाच लागत नाहीत. आणि इथेच मेख आहे. आगीत शूर असलेला हा पॅड थंड असताना आळशी असतो. सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक तो नुसते ऐकून घेतो. शिवाय किंचाळतो, डिस्क खातो आणि चाकांवर काळी भुकटी सांडतो.

या सगळ्याची सुरुवात एका बाईने माहेरी जायचं ठरवल्यामुळे झाली, हे फार लोकांना माहीत नसतं. ऑगस्ट 1888. जर्मनीतल्या मॅनहाइममध्ये कार्ल बेंझ नावाच्या गृहस्थांनी मोटार तयार करून ठेवली होती, पण ती लांब कुठे न्यायचं धाडस होत नव्हतं. त्यांच्या पत्नी बर्थाबाई एके दिवशी नवऱ्याला न सांगता दोन मुलांना गाडीत घालून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्ट्सहाइमला, म्हणजे आपल्या आईकडे, निघाल्या. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास तो हा. वाटेत चढ-उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाईंनी एका चांभाराला गाठून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरचा जन्म हा असा, असं सांगतात. माहेरच्या वाटेवरची बाई कशानेही थांबत नाही हे आपल्याकडे आधीपासून माहीत होतं. गाडीच्या थांबण्याची सोयसुद्धा तिनेच केली, हे नवीन. घरी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या मंडळींनी फक्त एवढंच विचारलं, “मग पेटंट कुणाच्या नावावर?” मी विषय बदलला.

पुढे डिस्क ब्रेकचं पेटंट 1902 मध्ये इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी घेतलं, पण त्याचा डंका वाजला 1953 मध्ये. ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या. लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला इतर गाड्या जिथे घाबरून ब्रेक दाबत, तिथून बऱ्याच पुढे जाऊन हे दाबत. म्हणजे शर्यत जिंकली ती थांबण्याच्या हिमतीवर. डनलॉप हे नाव आमच्याकडेही आदराने घेतलं जातं, कारण उसाच्या बैलगाडीला जे रबरी टायर असतात, त्या गाडीला जुनी माणसं डनलॉपच म्हणतात. फरक एवढाच, की फ्रान्समध्ये डनलॉपने ब्रेक पोहोचवले आणि कोरेगावात फक्त टायर.

आमच्याकडे ट्रॅक डे होत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. बैलगाडा शर्यत म्हणजे दुसरं काय? आखलेल्या फाट्या, गट, सेमी, फायनल, वयाप्रमाणे आदत आणि दुसा असे वर्ग, झेंडा, पंच, निकालावरून वाद. बकासूर नावाच्या बैलाचे चाहते आहेत; माझा एकही नाही. छकडा हाकणाऱ्याला ‘ड्रायव्हर’च म्हणतात. मोठ्या मैदानात बक्षिसाला मोटारसायकली, ट्रॅक्टर, चारचाकी गाड्या ठेवतात. म्हणजे पळायचं बैलाने आणि गाडी न्यायची मालकाने. कसलाही परवाना नसल्यामुळे बैल तक्रार करू शकत नाही. या शर्यतींना खरा कडक ब्रेक लागला तो मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा. तो सैल झाला डिसेंबर 2021 मध्ये आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने मार्ग पक्का मोकळा केला. 2014 ते 2021, साडेसात वर्षं. शनीच्या हिशोबात एवढा नेमकेपणा ज्योतिषालाही साधत नाही.

पुतण्याचा प्रश्न मी आमच्या गल्लीतल्या आबांपुढे ठेवला. आबांच्या गोठ्यात एके काळी शर्यतीचा खिलार होता. ‘रस्त्याला आणि ट्रॅकला एकच पॅड चालेल का’ हे त्यांना कसं सांगावं म्हणून मी विचारलं, “आबा, पळायचा खोंड नांगराला चालतो का?”

आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “पळायच्या खोंडाला दूध पाजायचं, अंडी चारायची, मालिश करायची. त्यो नांगराला जुंपला तर तास वाकडं, आन् नांगराचा बैल मैदानात न्येला तर निशाण पडल्यावर खाली बसतोय. दोनीला एकच जनावर ज्येला पायजे, त्येला मग ना पीक ना ढाल.” जरा थांबून म्हणाले, “आन् पळायचा खोंड दारात बांधला, की पाव्हण्याला मारतोय.”

रेसचा पॅड वस्तीतून जाताना का किंचाळतो, याचा उलगडा मला तिथे झाला. शास्त्र वेगळं सांगतं: पॅड आणि डिस्क एकमेकांना क्षणात चिकटतात, क्षणात सुटतात, त्याची बारीक थरथर होते आणि तिचा आवाज होतो, म्हणून साध्या पॅडच्या पाठीवर आवाज गिळणारी पत्री लावतात. पण कोरेगावच्या बाजारपेठेत बाजाराच्या दिवशी ब्रेकचं किंचाळणं हा दोष धरत नाहीत. हॉर्नला कुणी वळून बघत नाही, ब्रेकच्या किंकाळीला बघतात.

आता माझं म्हणणं. पुतण्या पॅड निवडत होता ते सर्वांत तापलेल्या ब्रेकचा विचार करून: कारीच्या त्या वळणावर, त्या वेगाला, त्या गाडीच्या मागे. मी म्हणतो, सर्वांत थंड ब्रेकचा विचार कर. डिसेंबरातली सकाळ. गाडी रात्रभर दवात भिजलेली. घरातून निघून शंभर पावलं झाली नाहीत, तोच गल्लीच्या तोंडाला शेळी. शेळीला ‘पॅड अजून तापायचेत, एक फेरी मारून येतो’ असं सांगता येत नाही. पुढे कुणी रात्रीतून स्वखर्चाने उभारलेला गतिरोधक. त्याच्यापुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागचा दिवा नाही, टेप मात्र जोरात. ट्रॉलीला ब्रेक असतात असं कायद्याची पुस्तकं म्हणतात, मी पुस्तकांवर विश्वास ठेवतो. अशा रस्त्यावर थंडीत झोपणारा पॅड घेऊन निघणं म्हणजे रेसची तयारी नव्हे, वारसनोंदीची तयारी.

“पण काका, घाटात तर पॅड तापतातच ना?” पुतण्या म्हणाला. हे मात्र त्याचं बरोबर. आपल्याकडे माणूस ट्रॅकवर न जाताही ट्रॅकवर असतो. कोरेगावातून पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला निघालात तर वर्धनगडाचा घाट, साताऱ्याहून कासला यवतेश्वरचा, पुण्याला खंबाटकी, आणि पाहुण्यांना स्ट्रॉबेरी खायला न्यायचं तर पसरणी. पाचगणी वाईपेक्षा सहाएकशे मीटर उंच आहे. तीच 1200 किलोची गाडी नुसत्या ब्रेकवर खाली आणली, तर 100 च्या वेगावरून पंधरा वेळा थांबवल्याइतकी उष्णता निघते. 24 लिटर पाण्याला आधण. म्हणजे पसरणीच्या पायथ्याला अडीचशे माणसांचा चहा तयार, आणि गाडीत चौघेच.

यावर इलाज महागडा पॅड नाही, गिअर आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीच्या जुन्या चालकाला कुठल्याही कंपनीच्या इंजिनिअरने सांगावं लागलं नाही. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, पॅड गार राहतात. याउलट पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे महाभाग. त्यांची सगळी 24 लिटरची भट्टी ब्रेकवर पेटते. आणि गंमत अशी, की आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना उतारावर इंजिनाला इंधन देणंच थांबवतात, न्यूट्रलला मात्र इंजिन सुरू ठेवण्यापुरतं जाळत राहतात. म्हणजे न्यूट्रलवाला जीव धोक्यात घालून पेट्रोल जास्त जाळतो. चावी बंद करून उतरणारे तर पॅडच्या पलीकडे गेलेले. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि चावी आणखी मागे गेली तर स्टिअरिंगही बंद होतं. त्यांच्यासाठी पॅडवर कुठलंही अक्षर छापलेलं नाही.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ती ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 जातीचं ताजं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल पिऊन झालं की हीच मर्यादा 155 च्या आसपास येऊ शकते. मग घाटात किंवा ट्रॅकवर ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला तर दाबला जातो, ब्रेक दाबला जात नाही. पेडल थेट जमिनीला. चाकाच्या आतून ब्रेकवरचं लाल रंगाचं प्लॅस्टिकचं टोपण चमकवणारे कित्येक तरुण मला माहीत आहेत, ज्यांच्या बाटलीतलं ऑइल गाडीच्या पहिल्या मालकाच्या लग्नाइतकं जुनं आहे. मिस्त्रींनी पुतण्याच्या गाडीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि एवढंच म्हणाले, “दादा, ह्ये ऑइल हाय का काढा?”

शेवटी तह झाला. रस्त्याला गुमान साधे, कंपनीचे पॅड. कुरिअरने फिरून आलेले पॅड पुतण्या जेव्हा ट्रॅकवर जाईल तेव्हा डिकीत न्यायचे, तिथे चढवायचे, निघताना उतरवायचे. अवजारं हाताशी असली आणि चार बोल्ट गंजलेले नसले, तर तासाभराचं काम. ऑइल नवीन भरून मिस्त्रींनी ब्रेकची हवा काढून दिली. टायरमध्ये हवा भरायची असते आणि ब्रेकमधली काढायची असते. गॅरेजात नव्याने लागलेल्या पोराने पहिल्या दिवशी नेमकं उलट केलं होतं, ही मिस्त्रींची आवडती गोष्ट, ती पुन्हा ऐकावी लागली. ती मजुरीत धरलेली असते.

राहिलं एक. नवे पॅड चढवले की डिस्कशी त्यांची ओळख करून द्यावी लागते. गाडी वेगात न्यायची, चांगला दाबून ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबायचं नाही; वेग अगदी कमी झाला की पुन्हा पळवायची, पुन्हा ब्रेक. असं आठ-दहा वेळा. तापलेल्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. मध्येच पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवलं, तर थर एकाच जागी बसतो आणि मग ब्रेक थरथरतात. हा विधी पुतण्याने पहाटे त्रिपुटीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर करायचं ठरवलं, मी शेजारी बसलो. ऐंशीपर्यंत जायचं, धाडकन दहावर यायचं, परत ऐंशी. माझं नाक दर वेळी डॅशबोर्डची चौकशी करून येत होतं. पॅडचा करपट वास सुटला होता, तो सुटायलाच हवा असं पुतण्याचं म्हणणं.

मागून दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल बराच वेळ आमचा हा प्रकार पाहत येत होती. आम्ही दहावर आलो की ती जवळ यायची, ऐंशीवर गेलो की मागे राहायची. शेवटी एकदा संधी साधून ती खिडकीशी आली. दूधवाल्याने आधी पुतण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला मास्तर समजून समजुतीच्या सुरात म्हणाला, “गुरुजी, पोराला आधी क्लच शिकवा. ब्रेक काय, आपोआप येतोय.”